विचारा तर खरं: वादळ गेलं, आता कुणाचं दार वाजवायचं?

हरिकेन सीझन १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो, पण वादळानंतरचे कागद, फोन, रांगा हे सगळं पुढे वर्षभर चालूच असतं. मागच्या अंकात म्हटलं होतं की याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा पाऊसच पडला. बहुतेक पत्रं ह्यूस्टन आणि आसपासची आहेत म्हणून यावेळी उत्तरंही तिथलीच. फ्लोरिडा-लुइझियानावाल्यांनी रागवू नका, फीमाचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेचं, जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, राज्याचे कायदे मात्र तुमचे वेगळे, ते तिथेच विचारा.

ताई, बेरिल वादळात आमच्या दारातला ओक आडवा झाला. फांद्या तोडून रस्त्याच्या कडेला रचल्या आणि सिटीच्या ३११ ला फोन लावला तर म्हणे तुमचं घर आमच्या हद्दीत नाही. पत्त्यात ह्यूस्टन आहे, झिपकोड ह्यूस्टनचा आहे, मग आम्ही राहतो तरी कुठे? वर एचओएचं, म्हणजे सोसायटीचं, पत्र आलं की ढीग उचला नाहीतर दंड. — एक वाचक, सायप्रसच्या बाजूला

राहता हॅरिस काउंटीत, पण कुठल्याच शहरात नाही! हसू नका, तुमच्यासारखे सुमारे २० लाख लोक आहेत. पत्त्यातलं ह्यूस्टन हे पोस्टाच्या सोयीसाठी असतं, त्याचा महापालिकेच्या हद्दीशी काही संबंध नाही. सायप्रस, स्प्रिंग, केटीचा मोठा भाग हे सगळं अनइनकॉर्पोरेटेड, म्हणजे तिथे मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही, आणि ३११ सुद्धा तुमचं नाही. तुमचं पाणी आणि सांडपाणी बघतो मड, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, रोजचा कचरा मडने नाहीतर एचओएने ठरवलेला खाजगी ट्रक नेतो, आग लागली तर इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टचा बंब येतो, पोलीस म्हणजे शेरीफ किंवा कॉन्स्टेबल, आणि रस्ते आणि वादळाचा कचरा हे काउंटीच्या ज्या प्रीसिंक्टमध्ये (विभागात) तुम्ही आहात त्याच्या कमिशनरचं काम. असे चार प्रीसिंक्ट आहेत. तेव्हा फोन करायचा तो कमिशनरच्या ऑफिसला.

स्वतःची हद्द कळायला सोपा उपाय आहे, एचकॅडच्या म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर आपलं घर शोधायचं, तिथे कोणकोण तुमच्याकडून टॅक्स घेतं ती सगळी नावं असतात. त्यात सिटी ऑफ ह्यूस्टन असेल तर ३११ तुमचं, मड दिसला आणि सिटी नसेल तर नाही. टॅक्स ज्याला जातो त्याच्याशी भांडायचं, साधा हिशेब. हे काम वादळ यायच्या आधी करून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, कारण नंतर वीज नसते, नेट नसतं आणि फोनची बॅटरी १२ टक्के असते.

आता ढिगाबद्दल, कारण पाच-सहा जणांनी हेच विचारलंय की ट्रक गल्लीत आला, शेजारचा ढीग नेला आणि आमचा तसाच टाकून गेला. ट्रकवाल्याचं तुमच्याशी वैर नसतं हो. हे काम काउंटी किंवा सिटी कॉन्ट्रॅक्टरला देते आणि त्याचे पैसे नंतर फीमाकडून मागते, फीमा निदान ७५ टक्के देते, पण कचरा सार्वजनिक जागेतून उचललेला असला पाहिजे, त्याचे प्रकार वेगळे असले पाहिजेत आणि प्रत्येक ट्रक किती क्युबिक यार्ड भरला हे बघायला एक मॉनिटर वेगळा उभा असतो. म्हणून तुमच्या फांद्यांच्या ढिगात जुना फ्रिज किंवा कुंपणाच्या फळ्या दिसल्या की पंजावाला ट्रक पुढे जातो, कारण मिसळलेल्या मालाचे पैसे अडकतात. फांद्या वेगळ्या, शीटरॉक (भिंतीचे जिप्सम बोर्ड), कार्पेट, लाकूड वेगळं, फ्रिज-वॉशर वेगळे (फ्रिजमधलं अन्न काढून टाका आणि दार टेपने बंद करा, उघडल्यावर काय वास येतो ते उचलणाऱ्या माणसाला विचारा), टीव्ही-कॉम्प्युटर वेगळे, आणि रंगाचे डबे, बॅटऱ्या, कीटकनाशकं वेगळी. काळ्या पिशव्यांत काही भरू नका, आत काय आहे ते त्यांना दिसलं पाहिजे. ढीग रस्ता आणि फुटपाथच्या मधल्या पट्टीत, फायर हायड्रंट, पाण्याचा मीटर, मेलबॉक्स आणि गटाराचं तोंड सोडून, आणि झाडाखाली किंवा तारांखाली तर नकोच कारण पंजा वर जातो तेव्हा त्याला जागा लागते.

तुमची सबडिव्हिजन गेटच्या आत असेल आणि रस्ते खाजगी असतील तर अजून एक भानगड, तिथे काउंटीचा ट्रक आपणहून येत नाही, एचओएने लेखी परवानगी द्यावी लागते. म्हणजे जी एचओए तुम्हाला दंडाची पत्रं पाठवतेय तिचीच सही बाकी असायची शक्यता आहे! बोर्डाला ईमेल करून विचारा की राइट ऑफ एंट्रीचा फॉर्म काउंटीला दिला का, कधी दिला. उत्तर लेखी मागा. दंडाचा विषय बहुतेक तिथेच थंड होतो.

आम्ही दोघं एच-वन आणि एच-फोरवर, मुलगी चार वर्षांची, इथेच जन्मलेली. तळमजल्यावर दीड फूट पाणी होतं. ऑफिसातले म्हणतात फीमाला अप्लाय कर, मित्र म्हणतो व्हिसावाल्यांनी फीमाचं नावही काढू नये. खरं काय? — शुगर लँड

दोघंही अर्धे बरोबर आहेत. फीमाची रोख मदत अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्ड, असायलम, रेफ्युजी अशा ठरावीक स्टेटसवाल्यांनाच मिळते, एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन, बी-टू या व्हिसांवर स्वतःच्या नावाने मिळत नाही, मग तुम्ही कितीही वर्षं टॅक्स भरत असा. पण घरात अठराच्या आतलं नागरिक मूल राहत असेल तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात आणि घराच्या नुकसानीची मदत मिळू शकते. मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर लागेल.

इथे नीट वाचा, कारण लोक घाईत फोनवर अर्ज भरतात. अर्जात एक डिक्लरेशन असतं ज्यात मी नागरिक किंवा पात्र स्टेटसवाला आहे असा एक पर्याय असतो आणि मी अशा मुलाचा पालक आहे जो नागरिक आहे आणि माझ्यासोबत राहतो असा दुसरा. तुमचा दुसरा! पहिल्यावर चुकून टिक केलीत तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो आणि इमिग्रेशनमध्ये त्याला माफी जवळजवळ नाहीच, ग्रीन कार्डच्या वेळी तेच कागद समोर येतात. फोनवर अर्ज करत असाल (१-८००-६२१-३३६२) तर ऑपरेटरला आधीच सांगा की मुलीच्या वतीने करतोय आणि त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा. मनात थोडीही शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका.

मदत किती? बेरिलच्या वेळी तातडीच्या गरजेसाठी ७५० डॉलर होते, आणि १ ऑक्टोबर २०२४ नंतर जाहीर झालेल्या आपत्तींना घरासाठी जास्तीत जास्त ४३,६०० डॉलर अशी मर्यादा आली, ती दर ऑक्टोबरात बदलते. मर्यादा म्हणजे मिळणारी रक्कम नव्हे हे लक्षात ठेवा, बहुतेकांना त्याच्या आसपासही मिळत नाही, घर राहण्यालायक होईल इतकंच ते देतात. अर्जाची मुदत साधारण आपत्ती जाहीर झाल्यापासून ६० दिवस. आणि पहिलं पत्र ‘इनएलिजिबल’ आलं म्हणून रडत बसू नका, बऱ्याचदा इन्शुरन्सचा निकाल जोडलेला नसतो किंवा पत्त्याचा पुरावा कमी असतो, पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं आणि कागद जोडले की निर्णय बदलतातही.

शेल्टर, पाणी, जेवण याला कुणीही स्टेटस विचारत नाही, तिथे संकोच नको. आणि घर सोडून दुसरीकडे राहायला गेला असाल तर १० दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) पत्ता बदलल्याचं एआर-इलेव्हन फॉर्मवर कळवा, पुराच्या गडबडीत हे हमखास राहतं.

सिटीकडून पत्र आलंय की आमचं घर ‘सबस्टँशियली डॅमेज्ड’ आहे आणि परमिट हवं असेल तर घर उंच करावं लागेल. घर उंच करायचं म्हणजे काय जॅक लावून?? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परमिट सोडा, आपण आतून गुपचूप करून टाकू. — मेयरलँड

हो, अगदी जॅक लावूनच. तुमच्याच गल्लीत फिरून बघा, मेयरलँड २०१५ च्या मेमोरियल डेला बुडालं, २०१६ च्या टॅक्स डेला बुडालं आणि २०१७ ला हार्वी वादळात बुडालं, तिथे कितीतरी घरं आता पायऱ्या चढून जावं लागतं अशी आहेत.

नियम असा आहे की फ्लडप्लेनमधल्या, म्हणजे नकाशावर पुराच्या पट्ट्यात दाखवलेल्या, घराच्या दुरुस्तीचा खर्च घराच्या वादळाआधीच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा जास्त झाला तर ते घर नवीन बांधकामाच्या नियमात आणावं लागतं, आणि ह्यूस्टनमध्ये १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन नियम म्हणजे ५०० वर्षांच्या पुराच्या (दरवर्षी ५०० त एक शक्यता असलेल्या पुराच्या) पातळीच्या दोन फूट वर. बाजारभाव फक्त इमारतीचा धरतात, जमिनीचा नाही. इथेच सगळी गोम आहे, कारण मेयरलँडसारख्या ठिकाणी किंमत जमिनीलाच असते आणि १९६० च्या घराची इमारत एचकॅडच्या कागदावर कवडीमोल, मग ५० टक्के गाठायला वेळ लागत नाही.

तेव्हा पत्र आलं की पहिलं काम, सिटीने इमारतीची किंमत कुठून धरली आणि नुकसान किती टक्के धरलं ते मागवून घ्या. एचकॅडचा आकडा कमी वाटत असेल तर लायसन्सवाल्या अप्रेझरकडून वादळाच्या आधीची किंमत काढून आणा. खर्चाचा आकडा जास्त वाटत असेल तर आयटमवार एस्टिमेट द्या, पण त्यात मजुरी धरावीच लागते, भाऊ आणि त्याचे मित्र शनिवारी येऊन फुकट करणार आहेत म्हणून मजुरी शून्य असं चालत नाही, त्यांचीही बाजारभावाने धरतात.

आणि आता ते ज्याची कुणी आठवण करून देत नाही. तुमची एनएफआयपीची, म्हणजे केंद्र सरकारच्या कार्यक्रमातली, फ्लड पॉलिसी असेल तर तिच्यात आयसीसी नावाचं कव्हर असतं, घर उंच करायला किंवा पाडायला ३०,००० डॉलरपर्यंत, आणि ते मिळायला सिटीचं हेच पत्र लागतं. ३०,००० मध्ये अख्खं घर उंच होत नाही, पण ज्या पत्राला तुम्ही घाबरलात त्याच पत्राने क्लेम सुरू होतो. पत्र फाडू नका.

गुपचूप करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दारातूनच नमस्कार करा. परमिट नसलेलं काम उद्या घर विकताना निघतं, पुढच्या पुरात क्लेमच्या वेळी निघतं, आणि तेव्हा तो माणूस फोन उचलत नाही. सिटी एवढी ताठर का, तर तिने नियम ढिला सोडला तर फीमा अख्ख्या शहराला फ्लड इन्शुरन्सच्या कार्यक्रमातून काढू शकते किंवा प्रीमियममधली सवलत बंद करू शकते. इयान वादळानंतर फ्लोरिडात ली काउंटीला मार्च २०२४ मध्ये फीमाने २५ टक्के सवलत काढून घेण्याची नोटीस दिली होती ती याच कारणाने, मग काय धावपळ झाली तिथे.

आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही, एजंटनेही गरज नाही सांगितलं. तरी फ्लड इन्शुरन्स घ्यावा का? — पेअरलँड

घ्या. हार्वीत हॅरिस काउंटीत सुमारे १ लाख ५४ हजार घरांत पाणी शिरलं, त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त घरं १०० वर्षांच्या फ्लडप्लेनच्या बाहेर होती आणि बहुतेकांकडे फ्लड पॉलिसी नव्हती. होमओनर्स पॉलिसीत पुराचं पाणी येत नाही, छप्पर उडून पाऊस आत आला तर येतं, दोन्ही वेगळं. एनएफआयपीमध्ये इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे, सामानाचं वेगळं मागावं लागतं. साधारणपणे पॉलिसी ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे टीव्हीवर वादळाच्या संभाव्य मार्गाचा शंकू दिसायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

वादळानंतर दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला, ट्रकवर दुसऱ्या राज्याची पाटी, म्हणाला अर्धे पैसे आज द्या उद्या काम सुरू, डिडक्टिबल (क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायचा वाटा) पण मी भरतो. द्यावे का? — रिचमंड

नाही, नाही आणि नाही. टेक्सासच्या कायद्यात आपत्तीनंतर दुरुस्तीला आलेला कॉन्ट्रॅक्टर काम सुरू करण्याआधी पैसे मागू शकत नाही, सूट फक्त त्याला ज्याचा तुमच्या किंवा शेजारच्या काउंटीत निदान एक वर्ष धंद्याचा पत्ता आहे. आणि डिडक्टिबल मी भरतो किंवा माफ करतो हे तर २०१९ पासून सरळ बेकायदा आहे. टेक्सासमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच लागत नाही त्यामुळे कुणीही पाटी लावतो, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीवाल्याला मात्र लागतं, त्यांचा नंबर ऑनलाइन तपासा.

अजून एक, पाणी शिरलं असेल तर घाई कशाची करायची आणि कशाची नाही हे उलटं करतात लोक. फाडण्याची घाई करा, बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून फोटोत घ्या आणि मग शीटरॉक आणि इन्सुलेशन त्या रेघेच्या वरपर्यंत कापून काढा. भिंत परत बंद करण्याची घाई नको. हार्डवेअरच्या दुकानात मॉइश्चर मीटर मिळतो, त्याच्या दोन सुया लाकडी स्टडमध्ये (भिंतीच्या आतल्या उभ्या खांबांत) खुपसायच्या, खाली जमिनीजवळ आणि कोपऱ्यात, तिथेच ओल शेवटपर्यंत राहते. १५ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय नवीन शीटरॉक लावू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणाला की हाताला सुकं लागतंय. हाताला सगळंच सुकं लागतं.

अपार्टमेंटच्या तळमजल्यावर होतो, सगळं भिजलं, मॅनेजमेंट म्हणतं लीज संपेपर्यंत भाडं द्यावंच लागेल. — यूएचचा (युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनचा) एक विद्यार्थी

अजिबात राहण्यासारखं उरलं नसेल तर टेक्सासच्या कायद्याने तू किंवा मालक कुणीही लेखी नोटीस देऊन लीज संपवू शकता, आणि बाहेर पडलास त्या दिवसापासूनचं भाडं आणि डिपॉझिट परत मागू शकतोस. एक खोली खराब आणि बाकी बरं असेल तर भाडं कमी करून मिळू शकतं पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि तू स्वतःहून भाडं बंद केलंस तर उलट तुझ्यावरच एव्हिक्शन (घर खाली करायचा खटला) येईल, ते करू नकोस. लीज आधी वाच, त्यात याबद्दल वेगळं लिहिलेलं असू शकतं. नोटीस ईमेलने आणि कागदावर दोन्हीकडे दे, फोटो ठेव.

आईबाबा पुण्याहून आलेत, बाबांना रात्री ऑक्सिजन लागतो. वीज गेली तर सिटी काही करते का? — केटी

वीज सिटीच्या हातात नाही, ती कंपनीचं काम. बेरिलमध्ये २२ लाखांहून जास्त ग्राहकांची गेली आणि कुठे आहे कुठे नाही हे कळायला लोक व्हॉटाबर्गरच्या ॲपमध्ये कोणतं दुकान उघडं आहे ते बघत होते, यावरून काय ते समजा. तुम्ही आताच २११ ला फोन करून बाबांचं नाव स्टेअरमध्ये घाला, ती राज्याची यादी आहे ज्यावरून स्थानिक इमर्जन्सीवाल्यांना कळतं की या घरात मदत लागणारं माणूस आहे. ती मदतीची हमी नाही आणि नाव दरवर्षी पुन्हा घालावं लागतं. ऑक्सिजन पुरवणाऱ्या कंपनीकडून विजेशिवाय चालणारं सिलिंडर आधी मागून ठेवा. जनरेटर आणलात तर घरापासून निदान २० फूट लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावणं म्हणजे आत्महत्या आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी उकळा अशी नोटीस आली की आरओचं चालतं का? — दोघातिघांचा प्रश्न

नाही, उकळाच, खळखळून उकळायला लागल्यावर दोन मिनिटं. वीज गेली की पंप बंद पडतात, पाइपातला दाब २० पीएसआयच्या खाली गेला की फुटलेल्या जागांतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते म्हणून नोटीस काढतात, त्याला वादळच लागतं असं नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली म्हणून अख्ख्या ह्यूस्टनला उकळून प्यावं लागलं होतं. फ्रिजचा आइसमेकर विसरू नका, तो बर्फ टाकून द्या. नोटीस उठली की सगळे नळ थोडा वेळ सोडून ठेवा आणि आरओ आणि फ्रिजची फिल्टर्स बदला. मडवाल्यांनो, तुमची नोटीस सिटीकडून नाही, मडकडून येते, त्यांच्या साइटवर ईमेल किंवा टेक्स्टसाठी नाव नोंदवा.

प्रॉपर्टी टॅक्समध्ये काही सूट? — सायप्रस

आहे, गव्हर्नरने तुमची काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर केली आणि घराचं नुकसान निदान १५ टक्के असेल तर. अर्ज सिटीला नाही, अप्रेझल डिस्ट्रिक्टला, जाहीर झाल्यापासून १०५ दिवसांच्या आत. फोटो, एस्टिमेट, इन्शुरन्सचं पत्र सगळं जोडा, नुकसानीचा टक्का तेच ठरवतात आणि सूट त्या वर्षातल्या उरलेल्या दिवसांपुरतीच मिळते.